अकरा महिन्यांचा कागद

माझ्या पिशवीत लॅपटॉप, अंगठा घ्यायचं यंत्र, वेबकॅम आणि एक ओला नॅपकिन असतो. नॅपकिन कशाला, ते पुढे येईल. पुण्यात लोकांच्या घरी जाऊन भाडेकरार ऑनलाइन नोंदवून द्यायचं काम मी गेली दहा वर्षं करतेय. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरात कपाटातून प्लास्टिकच्या फोल्डरमधला स्टँप पेपर निघतो. त्यावर नोटरीचा लाल गोल शिक्का असतो आणि मालक म्हणतात, "आमचा करार झालेला आहे हो, तुम्ही फक्त पुढच्या अकरा महिन्यांचा करा."

तो करार झालेला नसतो. म्हणजे कागद असतो, सह्या असतात, पण महाराष्ट्राच्या कायद्याला जो हवा तो करार नसतो.

जमीन आणि भाडं हा आपल्याकडे राज्यांचा विषय. त्यामुळे दिल्लीतल्या मेव्हण्यानं सांगितलेलं किंवा बंगळुरूला ऑफिसातल्या मित्रानं केलेलं इथे चालेलच असं नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी राज्याच्या तीन भागांत तीन कायदे होते. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा, विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा.

आता अकरा महिन्यांचं गूढ. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. मग वर्षाच्या एक महिना आत राहिलं की नोंदणी टळते, अशी शक्कल निघाली आणि देशभर रुळली. पण १९९९ च्या आपल्या कायद्यातलं कलम ५५ सांगतं की जागा भाड्यानं द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक काळ वापरायच्या नुसत्या परवानगीवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. किती महिन्यांचा, याला तिथे महत्त्वच नाही. अकरा असोत की तीन. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलमातच लिहिलंय.

मालकांना मात्र दंडापेक्षा त्याच कलमातल्या दुसऱ्या वाक्याची धास्ती वाटायला हवी. करार नोंदलेला नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणारा जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. "भाडेकरू घर बळकावेल" म्हणून जे काका अकरा महिन्यांचा नोटरी करतात, ते भाडेकरूच्याच हातात कोलीत देत असतात. मी हे सांगते तेव्हा काकू काकांकडे बघतात. काका चष्मा पुसतात.

माझी स्वतःची गोष्ट याच्या उलट्या बाजूची. लग्नानंतर आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या, चाळीस हजार डिपॉझिट, नोटरी केलेला करार. सोडताना मालकांनी बावीस हजार रंगाचे म्हणून कापले. करारात रंगाचा शब्दही नव्हता. मला कलम ५५ तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निदान भांडताना आवाज तरी चढला असता. बावीस हजारांसाठी कोर्टात कोण जाणार, हे त्यांनाही माहीत होतं. त्यानंतर मी करार वाचायला लागले आणि पुढे तोच धंदा झाला.

राहायला जाणाऱ्यांनी मनाशी पक्की करायची गोष्ट अशी की तुम्ही बोलीभाषेत भाडेकरू असलात तरी लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही. तुम्ही लायसन्सी. मालकानं तुम्हाला ठरावीक काळ जागा वापरायची परवानगी दिली आहे, जागेत तुमचा कुठलाही हक्क निर्माण झालेला नाही. जुन्या वाड्यातल्या किंवा पागडीच्या खोलीतल्या भाडेकरूला १९९९ च्या कायद्यानं बरंच संरक्षण दिलंय. भाडं वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही, ठरावीक कारणांशिवाय काढायचं नाही. ते वाचून लायसन्सवाल्यांनी हुरळून जाऊ नये. त्यांच्यासाठी करारात जे लिहिलंय तोच कायदा. म्हणून करार वाचायचा, सगळा, अंगठा देण्याआधी.

नोंदणी कशी होते ते आधी सांगते, कारण लोक उगाच घाबरतात.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्सची वेगळी सोय आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायची गरज नाही. अंगठ्याचं यंत्र असेल तर घरच्या घरी तुमचं तुम्ही करू शकता, आमच्यासारख्यांना बोलवायलाच हवं असंही नाही. (हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय देतेय, पण खरं आहे.) दोन्ही पक्षांची आधार आणि पॅन कार्डं लागतात. मिळकतीचा पत्ता पक्का हवा, म्हणून मालकांकडून लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती मागून घ्या. त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. नाव वडिलांचं आणि समोर मुलगा बसलेला असेल तर थांबायचं. वडील हवेत किंवा त्यांनी दिलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) हवं. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांचे अंगठे.

खर्चाचं गणित सरळ आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का. कशाच्या पाव टक्का? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज. समजा भाडं १८,००० आणि डिपॉझिट ६०,०००, मुदत अकरा महिने. भाड्याचे झाले १,९८,०००. डिपॉझिटवर अकरा महिन्यांचं व्याज ५,५००. बेरीज २,०३,५०० आणि त्याचा पाव टक्का पाचशेच्या थोडा वर. नोंदणी फी शहरी हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००.

आता हेच तेहतीस महिन्यांचं एकदम केलं तर शुल्क तिप्पट होतं, पण नोंदणी फी एकदाच लागते. म्हणजे शहरात दोन हजार वाचतात आणि मालकांना दर अकरा महिन्यांनी अंगठ्यासाठी बसवावं लागत नाही. दरवर्षी पाच-सात टक्के वाढ ठरली असेल तर ती त्याच करारात लिहिता येते. मी बहुतेकांना हेच सुचवते आणि बहुतेक जण "नको, अकराचाच बरा" म्हणतात. सवय.

माहिती भरली की मसुदा तयार होतो. मग एकेकाचा आधार क्रमांक, बोटाचा ठसा आणि वेबकॅमवर फोटो. इथे तो नॅपकिन. आयुष्यभर सुतारकाम केलेल्या आजोबांची किंवा भांडी घासून झिजलेल्या आजींची बोटं यंत्राला वाचता येत नाहीत. अंगठा नाही चालला तर दुसरं बोट लावायचं. तेही नाही तर बोट ओल्या नॅपकिननं पुसायचं, कोरडं करायचं आणि कपाळावर हलकेच घासायचं. त्वचेचा तेलकटपणा बोटाला लागला की ठसा उमटतो. मागच्या आठवड्यात एका आजींचं सातव्या प्रयत्नाला झालं आणि हिरवी खूण दिसल्यावर घरात टाळ्या पडल्या.

मग शुल्क आणि फीचं चलन भरून मसुदा निबंधकांकडे जातो. त्यांनी तपासून नोंदवला की कराराची पीडीएफ येते आणि तिच्यासोबत सूची क्रमांक दोन, म्हणजे आपल्या बोलण्यातला इंडेक्स टू. त्यावर दस्ताचा प्रकार '३६ अ' आणि पुढे लिव्ह अँड लायसन्स असं दिसायला हवं. गॅस, बँक, पासपोर्ट, मुलांची शाळा, सगळीकडे हाच कागद मागतात. "टोकन पडलंय, चलन भरलंय" एवढ्यावर डिपॉझिटची पूर्ण रक्कम देऊ नका.

आता करारातली कलमं. साच्यातला मसुदा मालकाच्या बाजूनं झुकलेला असतो, पण त्यात आपल्या ओळी घालता येतात. किमान पाच ठिकाणी थांबून वाचा.

लॉक-इन: इतके महिने कुणीच सोडायचं नाही, अशी अट. ती दोघांनाही बांधते की फक्त राहणाऱ्याला, ते बघा. अनेक मसुद्यांत मालक एक महिन्याच्या नोटिशीवर केव्हाही काढू शकतो आणि राहणारा सहा महिने अडकलेला असतो. सहीआधी बोललं तर बहुतेक मालक बदलून देतात.

नोटीस: एक महिन्याची असते. ती कशी द्यायची तेही लिहून घ्या. "व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवर दिलेली नोटीस चालेल" एवढी एक ओळ पुढचे वाद वाचवते.

डिपॉझिट: याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला आपल्या राज्याच्या कायद्यात कमाल मर्यादा नाही. दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, असा 'नवीन कायदा' आल्याचा मेसेज अधूनमधून सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. ती अट केंद्रानं २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातली. तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे आणि राज्यानं आपल्या विधिमंडळात तसा कायदा केल्याशिवाय इथे लागू होत नाही. तेव्हा घासाघीस तोंडानंच करायची. रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन द्या आणि तो व्यवहार क्रमांक करारात लिहा. परत कधी मिळणार? "जागा सोडल्यावर" असं मोघम नको. "रिकाम्या जागेचा ताबा देताना, त्याच वेळी" असं लिहा. मालकांना लाइट बिलाची काळजी असते. त्यासाठी दोन-तीन हजार महिनाभर मागे ठेवायचं लिहिता येतं. सगळी रक्कम अडकवून ठेवायचं कारण नाही.

रंग आणि झीज: "नेहमीच्या वापरानं होणारी झीज सोडून इतर नुकसान" असे शब्द हवेत. खिळ्याची चार भोकं ही झीज की नुकसान, यावर मी दोन सुशिक्षित माणसांना तासभर भांडताना पाहिलंय. जमलं तर "रंगाचा खर्च मालकाचा" किंवा "एक महिन्याच्या भाड्याच्या निम्म्याहून जास्त नाही" असं काहीतरी आकड्यात बांधून घ्या.

वस्तूंची यादी: पंखे किती, ट्यूब किती, गीझर चालू की बंद, नळ कुठला गळतो, किल्ल्या किती. करारात यादीसाठी जागा असते आणि ती बहुतेक वेळा रिकामी जाते. घरात सामान लावायच्या आधी, मोकळ्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून मीटरच्या आकड्यापर्यंत. बाथरूमच्या छताचा कोपरा विसरू नका, ओल तिथेच असते. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकांना पाठवून द्या. पाठवला की तारीख लागते.

पोलिसांचं काम लहान आहे. राहायला कोण आलंय याची माहिती पोलिसांना द्यायची. ठिकठिकाणच्या पोलीस आयुक्तांचे तसे आदेश असतात आणि जबाबदारी मालकाची असते. ऑनलाइन होतं. टाळलं तर गुन्हा मालकावर, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली. परदेशी माणूस राहायला येणार असेल तर त्याचा वेगळा फॉर्म असतो आणि तो चोवीस तासांत भरायचा असतो.

सोसायटीला कळवायचं असतं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, घर भाड्यानं द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. तरी काही सेक्रेटरी एनओसीसाठी पैसे मागतात, "बॅचलर चालणार नाहीत" असा फळा लावतात. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही मनाला येतील तसे लावता येत नाहीत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानं त्यांची मर्यादा सेवा शुल्काच्या दहा टक्के ठरवली आहे आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचा कर धरायचा नाही. सेवा शुल्क दोन हजार असेल तर दोनशे. हे चार्जेस मालकानं द्यायचे की तुम्ही, ते करारात असू द्या.

राहायला लागल्यावर भाडं ऑनलाइन द्या आणि पावती घ्या. घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन लागतो. तो करारात असतोच, म्हणून मार्चमध्ये लाजत लाजत मागायची वेळ येत नाही.

दुरुस्ती आणि पाणी-वीज यांचं सांगते. भाडे कायद्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट अशा गोष्टी मालकानं सबळ कारणाशिवाय तोडणं हा गुन्हा आहे. दोन्ही कलमं भाडेकरूचं नाव घेतात. लायसन्सवाल्यांनी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. "मोठी दुरुस्ती मालक, पाचशे रुपयांपर्यंतची किरकोळ राहणारा" आणि "कुठल्याही वादात पाणी व वीज बंद केली जाणार नाही" अशा दोन ओळी करारातच घालाव्यात. माझ्या लॅपटॉपवर त्या तयारच ठेवलेल्या आहेत.

मुदत संपल्यावर राहणारा हललाच नाही, ही मालकांची रात्रीची झोप उडवणारी भीती. त्यासाठी कलम २४ आहे. मुदत संपली की ताबा द्यायचा. नाही दिला तर त्यापुढच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाई. अर्ज नेहमीच्या दिवाणी कोर्टात करायचा नसतो, शासनानं नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. तिथे प्रक्रिया आटोपशीर आहे. समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत राहणाऱ्यानं शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागायची, नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य झाल्यासारखं. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे आदेशाची वरून फेरतपासणी. आणि लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा. नोटरीच्या फोल्डरवाल्या काकांना मी हे पुन्हा वाचून दाखवते.

पण कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढणं, चार माणसं आणून उभी करणं, हे मालकाला करता येत नाही. मुदत संपलेली असली तरी नाही. आदेश आणायचा आणि मग ताबा घ्यायचा. असं काही घडायला लागलं तर राहणाऱ्यानं मोबाइलवर चित्रीकरण करावं, ११२ वर फोन करावा आणि इंडेक्स टू हातात ठेवावा. पोलीस पहिला प्रश्न "करार आहे का?" हाच विचारतात.

दुप्पटीचं कलम राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवायचंय. मुदत ३० तारखेला संपतेय, नवीन घर १० तारखेला मिळणार, मालक तोंडी "राहा हो" म्हणाले. चांगली माणसं असतात, म्हणतातच. तरी त्यांच्याकडून तसा मेसेज घ्या. आणि "करार आपोआप पुढे चालू राहतो" यावर विश्वास ठेवू नका. मुदत संपली की नवा करार, नवी नोंदणी, पुन्हा अंगठे.

सोडायच्या दिवशी दोघांनी रिकाम्या घरात भेटायचं. आधीचा व्हिडिओ फोनवर उघडून खोल्या फिरायच्या, मीटरचा फोटो काढायचा, डिपॉझिटचे पैसे खात्यात आल्याचा मेसेज बघायचा आणि मग किल्ल्या हातात ठेवायच्या. एका कागदावर ताबा दिल्या-घेतल्याच्या चार ओळी, तारीख आणि दोघांच्या सह्या. किल्ल्या किती दिल्या तो आकडाही त्यात लिहा. माझ्या एका अशिलाचे पंधरा हजार तिसऱ्या किल्लीपायी दीड महिना अडकले होते. घराला किल्ल्या पहिल्यापासून दोनच होत्या.